चार मिनिटांची शांतता

आजचं गाणं नीट पार पडलं तर लुदो कास्पर्झाकच्या पदरात बरंच काही पडणार होतं. पॅरिसची कंपनी नऊ वर्षांनी त्याचा अल्बम काढणार होती. महापौर सभागृहाला त्याचं नाव देणार होते. केस विरळ झालेल्या गायकाला पुन्हा एकदा ‘आमचा लुदो’ म्हणवून घेता येणार होतं. बदल्यात लागणार होती फक्त चार मिनिटांची शांतता. तीही दुसऱ्यांनी द्यायची.

सभागृह म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या लाँस गावच्या बंद पडलेल्या कोळसा खाणीतल्या कामगारांचं जुनं न्हाणीघर. लुदोला लुदो करणारं गाणं इथेच रेकॉर्ड करायचं, ही कल्पना कंपनीच्या ब्रिसची. गाण्यात खाणकामगार बाप सकाळी मुलाचा मुका घेऊन खाली उतरतो आणि वर येतच नाही. मुलाखतीत ही आपल्याच घरची गोष्ट म्हणून सांगताना लुदो नेहमी जरा थांबायचा. त्या थांबण्यावर निम्मा फ्रान्स रडला होता.

ड्रम थांबले. नुसती गिटार उरली. पहिल्याच कडव्यात मागून खोकला आला. कोरडा, खोल, दगडावरून फावडं ओढावं तसा.

लुदो हसला. “पाहिलंत? आमच्याकडे खोकलासुद्धा तालात असतो.”

लोकही हसले. या गावात खोकल्याकडे कुणी वळून बघत नाही. कामगारांच्या घरांच्या भिंती इतक्या पातळ, की पलीकडे कोण खोकतंय हे पोरं नावानिशी सांगतात. आणि फुप्फुसात खाणीची धूळ भरलेल्या माणसाला कुणी बाहेर घालवत नाही. चर्चमध्ये पाद्रीसुद्धा थांबतो, खोकला संपला की पुढचं वाक्य वाचतो.

लुदोने पुन्हा सुरुवात केली. ‘बाबा वर आलेच नाहीत’ या ओळीवर पुन्हा तोच खोकला. पडद्याआडून ब्रिसने एक बोट दाखवलं. आता एकच संधी.

लुदोने तारांवर हात ठेवला. मागच्या रांगेकडे न बघता म्हणाला, “जे साहेब खोकताहेत, त्यांनी कृपा करून बाहेर थांबावं. मेलेल्या माणसाचं गाणं आहे. तेवढी शांतता त्याला देऊ या.”

एक म्हातारा उठला. टोपी छातीशी धरून, “माफ करा, माफ करा” म्हणत रांगेतून बाहेर पडला. दार लागलं. त्याच्याकडे कुणीच पाहिलं नाही. सगळे लुदोकडे पाहत होते.

तिसऱ्यांदा गाणं निर्दोष झालं. संपल्यावर एकही टाळी वाजली नाही.

“काय शांतता होती, लुदो,” मेकअपच्या खोलीत आल्यावर ब्रिस म्हणाला. “असली शांतता विकत मिळत नाही.”

तो गेला तशी लुदोची बहीण एदविज दारात येऊन उभी राहिली.

“बाबा गाडीत बसलेत. गाणं छान झालं का, विचारतायत.”

लुदो टॉवेलने मान पुसत राहिला. “ते आलेत हे मला काय माहीत?”

“लहानपणी अख्ख्या गल्लीचे खोकले ओळखायचास. घरातला नाही ओळखलास?”

त्याने टॉवेलची घडी घालून खुर्चीवर ठेवली.

“पॅरिसचे पत्रकार आले तेव्हा बाबांनीच दार उघडलं होतं, लुदो. म्हणाले, मी शेजारी, लुदोचा बाप बिचारा फार चांगला माणूस होता. अख्ख्या गल्लीने माना डोलावल्या. अजून डोलावते.”

“मग पास तरी मागायचा होता. पुढे बसवलं असतं.”

“कोणत्या नावाने?”

पासच्या यादीत महापौर होते, ब्रिसची माणसं होती, एदविज आणि तिची मुलं होती. त्यांचा बाप काझिमीर कास्पर्झाक मात्र तिकीटखिडकीसमोर रांगेत उभा राहिला आणि त्याने पूर्ण पैसे भरून शेवटच्या रांगेचं तिकीट काढलं. म्हाताऱ्यांना तिथे निम्मं तिकीट पडतं. पण खिडकीवर पॅरिसची मुलगी बसली होती, आणि सवलतीसाठी तिला ओळखपत्र दाखवावं लागलं असतं.