डावी कड

या किनाऱ्यावर सर्फबोर्ड बनवणारे पहिले म्हणजे फळीवाले काका. काकांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. शेवटची घासणी त्यांचीच, असा कारखान्याचा कायदा. कंपनीच्या शिक्क्यावरही त्यांचाच पंजा. तरी त्यांनी घासून ठेवलेल्या बोर्डांना दुपारी कुणीतरी हात लावतंय, हे त्यांनी ताडलं होतं. दुपारी कारखान्यात असायची ती फक्त त्यांची पोरगी; ती दुसऱ्या कंपनीला मापं तर पुरवत नाही? आज त्यांनी डाव्या कडेवर पेन्सिलीची बारीक रेघ ओढली, ‘जेवायला जातो’ म्हणाले आणि मागच्या दाराने परतले. पोरगी पॉलिशपेपरने रेघेसकट तीच कड घासत होती. “सापडलीस! किती दिवस चाललंय हे?” “बाबा, डावी कड तुमच्या हातून कायम जाड राहते. मी सारखी करते.” “थापा मारू नकोस! मी घासलेल्या त्या भिंतीवरच्या बोर्डाने विश्वचषक जिंकला, तेव्हा तू पाळण्यात होतीस!” तिने पॉलिशपेपर खाली ठेवला. “मला हे आईने शिकवलं.”