पालथे पत्ते

निजामाच्या अमलात कंधारला एक तहसीलदारसाहेब होते. तीन पत्ती खेळताना ते आपले पत्ते कधी उचलतच नसत. न बघता खेळणाऱ्यानं एक आणा लावला, की बघून खेळणाऱ्याला दोन लावावे लागत, असा डावाचा नियम. साहेबांनी दोन-तीनदा आणा सरकवला, की बाकीचे निमूट पत्ते टाकून देत.

"बघूनसुद्धा पळता! हिंमत पाहिजे, हिंमत!" असं म्हणत साहेब सगळा डाव ओढून घेत.

गेल्या दिवाळीत तर व्यंकटरावांनी हातातले तीन एक्के टाकून दिले होते. त्यांच्या शेताच्या हद्दीचा दावा साहेबांच्याच कचेरीत पडून होता.

यंदा पाडव्याच्या डावात मात्र व्यंकटराव हटेनात. सगळे गळाले, दोघंच उरले, तेव्हा ते म्हणाले, "दाखवा, साहेब."

साहेब बघतच राहिले. व्यंकटरावांचेही तिन्ही पत्ते सतरंजीवर पालथेच होते. "अहो, तुम्ही तर पत्ते बघितलेच नाहीत! एवढी हिंमत आज कुठून आली?"

 

"पत्ते कशाला बघू, साहेब? काल कचेरीत तुमच्या बदलीचा हुकूम बघितला की."