तोंड झाकणारं हेल्मेट

प्रफुलनं नवीन मोटारसायकल घेतली, तेव्हा हेल्मेटच्या दुकानात बायको रंजीता म्हणाली, "हाफ घ्या ना, हलकं आहे. फुलमंधी तुमचं तोंडच दिसत नाई."

प्रफुलला नेमकं तेच पाहिजे होतं. त्यानं फुल घेतलं. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात जाताना वाटेत सासऱ्याचं गाव लागायचं. दोघांनी पळून जाऊन लग्न केल्यापासून सासरे मुखरूजी जावयाशी एक शब्दही बोलले नव्हते. रोज सकाळी ते दारात उभे असायचे, आणि त्यांच्या नजरेसमोरून जाताना प्रफुल तोंड दुसरीकडे वळवायचा.

नवीन गाडी, नवीन हेल्मेट. काही दिवस मजेत गेले. मग एका सकाळी मुखरूजीच रस्त्यात आडवे आले आणि त्यांनी हात दाखवला.

"गडचांदूरले सोडता का, भाऊ?"

आवाज ओळखतील म्हणून प्रफुलनं नुसती मान हलवली. मुखरूजी मागे बसले आणि कापसाचं, बैलाचं, दुखऱ्या गुडघ्याचं सांगत राहिले. हा हेल्मेटच्या आत घामाघूम होऊन मान डोलवत राहिला.

चौकात मुखरूजी उतरले. धोतर झटकलं, आणि प्रफुलच्या खांद्यावर हात ठेवला.



"सुट्टी झाली का रंजीताले घेऊन घरी या, जवाईबापू. तुमचं तोंड दिसनं बंद झालं, तवापासून तुमच्यापायी फुल हेल्मेटवाला दिसला का थांबवून राह्यलो; बाकी सारे बोलले, मुके तेवढे तुम्हीच निघाले!"