कोरे डोळे

सगुणा पडद्याआड गेली आणि घर गप्प झालं.

भोरच्या त्या कुंभारघराचा नेमच होता. गौरीच्या मुखवट्यांचे डोळे धाकट्या सुनेनं आखायचे, आणि ती आखत असताना तिला कुणी हाक मारायची नाही. हाक आली की हात हलतो, मग देवी तिरळं बघते. एरवी उजाडल्यापासून सगळ्यांच्या तोंडी ती एकटीच. दिराला पाणी हवं, सगुणा. म्हशीचं दावं सापडेना, सगुणा. जणू दावं तीच बांधून बसली होती!

खरं तर गौरींचे डोळे कालच आखून झाले होते. आज तिच्यापुढे होती वीतभर मातीची एक बाई. गुडघे पोटाशी घेतलेली, त्यांवर हनुवटी टेकलेली. डोळ्यांची जागा कोरी. महायुद्धामुळं पुण्याहून येणारा रंग मिळेना, म्हणून दिव्याचं काजळ धरलं होतं. सगुणा त्यात कुंचला बुडवायची आणि तसाच वाळू द्यायची. मग स्वतःचे डोळे मिटायची. आत नीरा नदी वाहत असायची, हिरवी, संथ. मधोमध ती बाई बसलेली. पाणी तिला वळसा घालून जायचं, काहीही न मागता.

पडदा सरकला. सासूबाई होत्या, ठकुबाई.

“मुखवटं तर कालच झाल्यात. मग ही कुणाची गं?”

“कुणाची न्हाई, आत्याबाई.”

“मग डोळं कवा आखणार हिचं?”

सगुणेनं वाळलेला कुंचला पुन्हा काजळात बुडवून ठेवला. डोळे आखले की मूर्ती पुरी, आणि पडद्याआडचं हे बसणं पुढच्या भादव्यापर्यंत बंद.

ठकुबाईंनी कुंचला उचलला. सून येईपर्यंत या घरच्या गौरींचे डोळे ठकुबाईच आखायच्या. हात कापू लागला, तसा कुंचला सुनेकडे आला. कुंचला आताही कापत होता. कोऱ्या चेहऱ्यापाशी येऊन तो थांबला.

“मला बी लई येळ लागायचा,” त्या हळूच म्हणाल्या.

बाहेरून थोरल्या लेकाची हाक आली, “आये! कुठं हाईस? भाकरी वाढ की!”

ठकुबाईंनी कुंचला खाली ठेवला. सुनेला जरा सरकायला लावून त्या शेजारी टेकल्या. गुडघे पोटाशी घेतले.

“हाका मारू नगंस रं!” त्या ओरडल्या. “डोळं आखतोय आमी दोघी.”

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.