पुरेसं काडतूस

डेलने खोक्यातून एक काडतूस काढून सासूच्या तळहातावर ठेवलं. तिच्या मधल्या बोटाहून लांब, नवंकोरं, पितळेचं.

“बघा आई. थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह. बंदुकीत तीनच मावतात, पण तीन पुरे. दुकानदार म्हणाला, याच्यापुढे हत्तीसुद्धा टिकत नाही.”

“बरं झालं,” फेदोस्या म्हणाली. “आमच्या कोडियाक बेटावर हत्ती फार माजलेत.”

डेलची बायको मार्फा खुदकन हसली आणि त्याने बघताच तिने हसू आवरलं. तिला सहावा महिना होता. उद्यापासून महिनाभर दोघांना खाडीपलीकडे मासेमारीच्या जाळ्यांपाशी मुक्कामाला राहायचं होतं. गेल्याच आठवड्यात तिथल्या मासे धुरावर वाळवायच्या खोपीचं दार उपटून अस्वलाने टांगलेला सगळा सॅमन फस्त केला होता. एकदा चव लागली की ते परत येतं, हे या गावात कुणी कुणाला सांगत बसत नाही.

चाळीस पावलांवर ओंडक्यावर तेलाचा डबा ठेवला होता. डेलची पहिली गोळी डब्याला लागली, दुसरी वाळूत गेली. तिसरी कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही.

“वारा आहे,” खांदा चोळत तो म्हणाला.

वारा नव्हता. फेदोस्याने वाकून रिकामी पितळी नळकांडी उचलली. “आण इकडे, मी भरून देते.”

डेल डबा सरळ करून येईपर्यंत तिने एक रिकामं नळकांडं बंदुकीत सरकवलं आणि बोल्ट लावला. डेलने नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला.

खट्‌.

गोळी सुटली नाही, धक्का बसला नाही. तरी नळीचं टोक वीतभर खाली गेलं. डेलचे डोळे गच्च मिटलेले होते.

त्याने ते उघडले तेव्हा सासू त्याच्याचकडे बघत होती. त्याचे कान लाल झाले.

“काडतूस चांगलंच आहे, जावईबापू,” ती म्हणाली. “फक्त अस्वल आलं की डोळे उघडे ठेवा.”

मग तिने मेलेल्या नवऱ्याची, झाखारची, जुनी थर्टी-ऑट-सिक्स बंदूक डेलच्या हातात दिली. काडतूस बारीक, पण गोळी जड आणि बोथट. डेलने तीन झाडल्या. तिन्ही डब्याला लागल्या.

“हीच ने,” फेदोस्या म्हणाली. आता तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

“हिने अस्वलाला खाज सुटेल फार तर,” तो म्हणाला आणि आपली बंदूक पिशवीत घालू लागला. बोटींच्या धक्क्यावरच्या सगळ्या मंडळींना त्याची ती दाखवून झाली होती. आता मागे कसं फिरणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान होडीत चढलं. सगळ्यात शेवटी मार्फा रेनकोटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक घेऊन आली.

“दोन-दोन बंदुका कशाला?” डेलने विचारलं.

“मोठी तुझ्यासाठी,” मार्फा म्हणाली. “ही अस्वलासाठी.”

तो हसला. त्याला हसावंच लागलं. तो इंजिनशी खटपट करत होता तेवढ्यात फेदोस्याने पाण्यात उतरून लेकीचा दंड धरला. “त्याच्या दुसऱ्या बाराची वाट बघू नकोस. कळलं?” मार्फाने मान डोलावली. होडी खाडीत लहान होत गेली तरी म्हातारी पाण्यातच उभी होती.

दोन दिवस पलीकडच्या काठावर धूर दिसत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पाण्याकाठच्या फळीवर मासे साफ करत होती. एकदम खाडीपलीकडून दणका आला. जड, खोल आवाज. डोंगरावर आपटून तो परत आला आणि सगळे पाणपक्षी एकदम उडाले. तिचा सुरा माशाच्या पोटातच थांबला.

दुसरा दणका. तसाच जड.

झाखारच्या बंदुकीचा आवाज ती चाळीस वर्षं ओळखत होती. कोरडा, फटकन वाजणारा. ती कान देऊन उभी राहिली.

तिसरा दणका. मोठी बंदूक रिकामी झाली.

मग काहीच नाही. पक्षी एकेक करून पाण्यावर परत बसले.

“आता, मार्फा,” ती पलीकडच्या काठाकडे बघत पुटपुटली. “आता गं, आता.”