मुरुमाचं कोर्ट

बेंबळीची प्रतीक्षा टेनिस शिकली ती गोरोबा सरांनी मुरूम दाबून तयार केलेल्या कोर्टवर. तिथं लव झडलेले जुने बॉल टप्पा घेऊन सावकाश यायचे आणि ती घसरत जाऊन ते बरोबर गाठायची. निवड स्पर्धेआधी तिनं दोनदा विचारलं, "सर, सामने मातीवरच हायत ना?"

"व्हय गं, मातीवरच. सिमेंटची सवय कशाला लावून घेतीस?"

सोलापुरात पोचली तर समोर निळं, गुळगुळीत सिमेंट. नवे करकरीत बॉल टप्पा पडताच सुसाट निघून जायचे आणि तिची रॅकेट मागंच राहायची. अर्ध्या तासात सामना संपला.

"ऐनवेळी कोर्ट बदललं त्यांनी," सर मान खाली घालून म्हणाले. "मलाबी फसवलं गं."

त्यांचा पडलेला चेहरा बघून प्रतीक्षानं स्वतःचं रडू गिळलं. "जाऊ द्या सर, पुढच्या वर्षी बघू," म्हणत ती त्यांच्यासाठी पाणी आणायला गेली.

बाटली भरून परतली तेव्हा जिंकलेली मुलगी सरांच्या पाया पडत होती.



"तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं, सर. सिमेंटवर ती बॉलपर्यंत पोचलीच नाही!"