उंदरांचा वाटा

"फुटकं घरात, चांगलं गिऱ्हाइकाला!"

गोदामाचं शटर वर सारलं की धैर्यशीलला आण्णांचा तो खणखणीत आवाज अजून ऐकू यायचा. राजारामपुरीत छापील किमतीपेक्षा स्वस्त किराणा विकताना आण्णांनी घराला कधी चांगला पुडा दाखवला नाही. तांदळाची कणी, चेपलेली बिस्किटं, पाझरलेला गूळ खाऊनच त्यांची दोन्ही लेकरं वाढली.

आण्णा गेले. तेरावं उरकलं तशी धाकट्या संयोगितानं हक्कसोडपत्रावर सही केली. माहेर तुटू नये म्हणून बहिणी करतात, तशीच. दुकान एकट्या धैर्यशीलच्या नावावर झालं. त्यानं तिला भारीतलं लुगडं नेसवलं, आणि डोळ्यांना पदर लावून ती कळंब्याला सासरी गेली.

पुढं तिचा नवरा अंथरुणाला खिळला. त्याचं शिरोलीच्या कारखान्यातलं काम सुटलं. धैर्यशीलनं पोतंभर धान्य धाडलं, तर तिनं ते त्याच रिक्षातनं परत लावून दिलं. "फुकटचं नगं, दादा. फुटलेलं आसंल तर नेतो. आण्णांची रीतच हाय ती."

तेव्हापासून दर शनिवारी तो एकटाच गोदामात शिरायचा. चांगल्यातली तूरडाळ, वासाचा तांदूळ, चहा. पुड्याच्या कोपऱ्यावर हलकेच ब्लेड फिरवायचा. दाणे तळहातावर ओघळायचे आणि त्याला भाऊबीज घातल्यासारखं वाटायचं.

गेल्या महिन्यात तिचा नवरा वारला. त्यानंतर आज ती पहिल्यांदाच दुकानात आली होती, मोकळ्या कपाळानं. त्यानं पिशवी पुढं केली.

"उंदरांनी उच्छाद मांडलाय बघ, संयू. घिऊन जा."

"व्हय? लई शाणं उंदीर तुझं. कणीला कधी तोंड लावत न्हाईत."

तो कसनुसं हसला. तिनं डाळीचा पुडा काढला आणि कापलेल्या कडेवरनं बोट फिरवलं. सरळ रेघ, पट्टीनं मारल्यासारखी.

"पहिल्याच दिवशी वळखलं हुतं मी. तुझं मन मोडू नये म्हणून गप बसलो."

धैर्यशीलचे डोळे भरून आले. एवढी वर्षं लपवलेली माया बहिणीला कळली होती. आता ही रडेल, आपण हिला जवळ घेऊ, असं त्याला वाटलं.

तिनं पुडा पिशवीत ठेवला. पिशवी गल्ल्याकडं सरकवली.

"आता उंदरांचं नगं, दादा. माझा वाटा दे."